मलावीचा हापूस आणि कंदिलाचं मत

गेल्या अंकात आफ्रिकेवर एक छोटं टिपण लिहिलं होतं. एका पक्षाच्या, एका माणसाच्या किंवा लष्कराच्या राजवटीतून तिथले देश लोकांच्या राज्याकडे कसे गेले, कुठे पोचले, कुठे अडले, असा विषय होता. शेवटी विनंती केली होती, की मनात येईल ते विचारा, अगदी साधं वाटलं तरी. ठाणे, कळवा, ऐरोलीपासून नेरुळपर्यंतची पत्रं आली. मी ठाण्याच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्याआधी, १९९० ते १९९५, यजमानांच्या नोकरीमुळे मलावीतल्या ब्लँटायर शहराला लागून असलेल्या लिंबे गावात संसार केला. पुस्तकातून शिकले ते एक आणि त्या पाच वर्षांत स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं ते वेगळं. उत्तरांत दोन्ही येईल.

प्रश्न : मी तुर्भ्याच्या फळबाजारात गाळ्यावर हिशेब लिहितो. नोव्हेंबर लागला की मलावीचा हापूस येतो. गिऱ्हाईक विचारतं, हे मलावी कुठंशी आलं? बाई, तुम्ही तिथे राहून आलात. तिथे लोकशाही आली कशी? मोर्चे निघाले की वरून कुणी दिली? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : गिऱ्हाइकाला सांगा, टांझानिया, मोझांबिक आणि झांबिया यांच्या मधोमध, एका लांबलचक सरोवराला चिकटलेला अरुंद देश. कोकणातली कलमं नेऊन तिथे बागा उभ्या केल्या आणि आता तो आंबा आपल्याकडे येतो. आपल्या दाणाबंदरात येणारी काही तूरही तिथलीच असते.

आता तुमचा खरा प्रश्न. मी गेले तेव्हा डॉ. हेस्टिंग्ज बांडा यांचं राज्य होतं. १९६४ ला स्वातंत्र्य, १९६६ पासून एकच पक्ष, १९७१ पासून ते आजन्म राष्ट्राध्यक्ष. प्रत्येक दुकानात त्यांची तसबीर आणि तिच्याहून उंच काही टांगायचं नाही, घड्याळसुद्धा. बायकांनी पँट घालायची नाही. माझी नणंद जीन्समध्ये विमानातून उतरली, तर तिथल्या तिथे तिला चितेंजे, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते कापड, नेसावं लागलं. पक्षाचं कार्ड जवळ नसेल तर गरीब माणसाला बाजारात शिरू देत नसत, बसमध्ये चढू देत नसत. देशात टेलिव्हिजन नव्हता. तो आला १९९९ साली.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना आम्ही बांबो म्हणायचो. चिचेवा भाषेत वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात. राज्यकर्त्यांबद्दल एक शब्द बोलायचा असला तरी बांबो आधी ओट्यावरची खिडकी लावून घ्यायचे. बाहेर नुसतं केळीचं झाड होतं. तरी लावायचे. त्या देशातलं भय मला त्या खिडकीवरून कळलं.

८ मार्च १९९२ चा रविवार. ख्रिस्ती उपासाचे दिवस सुरू झाले होते. देशातल्या सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये त्या सकाळी एकच पत्र वाचून दाखवलं गेलं. सात बिशपांच्या सह्या होत्या. त्यात क्रांतीची भाषा नव्हती. श्रीमंत-गरिबांतली दरी वाढते आहे, शाळांत आणि दवाखान्यांत हाल आहेत, लाच चालते, माणसाला मनातलं बोलायची भीती वाटते, एवढंच. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ठाऊक असलेली गोष्ट शेकडो लोकांसमोर, मोठ्या आवाजात, सह्यांनिशी बोलली गेली, हे त्या पिढीला नवीन होतं. बांबो चर्चमधून परत आले ते दुपारपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, लोक रडत होते.

सरकारने पत्र बेकायदा ठरवलं, बिशपांना चौकशीला बोलावलं. झोंबा शहरातल्या कॉलेजातले विद्यार्थी रस्त्यावर आले. मे महिन्यात ब्लँटायरच्या कापड गिरणीतले कामगार संपावर गेले, त्याचं लोण शहरभर पसरलं, गोळीबार झाला, माणसं मेली. त्याच महिन्यात मदत देणाऱ्या देशांनी हात आखडला. म्हणजे तुम्ही विचारता त्यातलं सगळंच थोडंथोडं झालं. मोर्चेही आणि वरचा दाबही. पण सुरुवात पत्र वाचण्याने झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ऑक्टोबरात बांडांनी जाहीर केलं, की एक पक्ष ठेवायचा की अनेक, हे जनतेलाच विचारू. मग एका बाजूला चर्च, मुस्लिम संघटना, वकील आणि नवे राजकीय गट यांची समिती, दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेली संवाद समिती, अशी बोलणी सुरू झाली. ती रटाळ होती, पण त्या रटाळ बोलण्यांतूनच मोठी कामं झाली. सरकारला दोन वेगळ्या पेट्या हव्या होत्या, एका मताची एक, दुसऱ्याची दुसरी. म्हणजे कोण कुठल्या पेटीशी गेलं हे उभा असलेला माणूस पाहणार. संयुक्त राष्ट्रांच्या सल्ल्याने आणि विरोधकांच्या आग्रहाने शेवटी एकच पेटी ठरली. मार्चमधली तारीख जूनवर गेली, म्हणून लोकांना समजावून सांगायला वेळ मिळाला. एक पक्ष हवा त्यांची खूण काळा कोंबडा, अनेक पक्ष हवेत त्यांची खूण कंदील. १४ जून १९९३ ला मतदान झालं आणि जवळजवळ दोनतृतीयांश मतं कंदिलाला पडली. पुढच्या मे महिन्यात निवडणूक झाली, बांडा हरले, विरोधी उमेदवार बाकिली मुलुझी जिंकले आणि नव्वदीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्याने हार मान्य केली.

पुढची एक गोष्ट गिऱ्हाइकाला जरूर सांगा. २०१९ च्या निवडणुकीत मतमोजणीच्या तक्त्यांवर पांढऱ्या शाईने, आपण ऑफिसात चुका खोडायला वापरतो त्याच शाईने, आकडे खोडलेले सापडले. लोक महिनोन् महिने रस्त्यावर उतरत राहिले. पाच न्यायाधीशांनी खटला ऐकला. निकालाच्या दिवशी, ३ फेब्रुवारी २०२० ला, ते गोळी न शिरणारी जाकिटं घालून कोर्टात आले आणि निवडणूक रद्द केली. फेरमतदानात विरोधी उमेदवार लाझारस चक्वेरा जिंकले. २०२५ मध्ये तेच चक्वेरा हरले आणि त्यांनी जागा सोडली. गरिबी अजून आहे, महागाई आहे, डॉलरची टंचाई आहे. पण खुर्ची बदलायला तिथे बंदूक लागत नाही.

प्रश्न : गॅम्बियात म्हणे गोट्यांनी मतदान होतं. खरं का? (गृहिणी, कळवा)

उत्तर : खरं. उमेदवाराच्या रंगाचं पिंप असतं, त्याच्या नळीत गोटी टाकायची. आत घंटी असते, ती एकदाच वाजली पाहिजे. दोनदा वाजली की बाहेरच्यांना कळतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी साठच्या दशकात काढलेली ही युक्ती. याह्या जामेह १९९४ पासून सत्तेवर होते. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांना या गोट्यांनीच हरवलं. आधी त्यांनी हार मान्य केली, मग शब्द फिरवला. शेजारच्या देशांनी सैन्य सीमेवर आणलं, तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये ते देश सोडून गेले. नंतर तिथल्या सत्यशोधन आयोगापुढे छळ झालेली माणसं बोलली आणि देशाने ते थेट प्रक्षेपणात पाहिलं.

प्रश्न : मी राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माली, गिनी, बुर्किना फासो, नायजर, गाबोन, पाच वर्षांच्या आत इतक्या ठिकाणी लष्कराने सत्ता घेतली. लोकांनी रस्त्यावर येऊन सैनिकांचं स्वागतही केलं. मग राष्ट्रीय संवाद वगैरेंचा उपयोग काय? आमचे सर म्हणतात, ही सगळी परक्या पैशाने भरवलेली संमेलनं असतात. (विद्यार्थी, ठाणे पश्चिम)

उत्तर : तुझ्या सरांचं काही अंशी बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देते. तू पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या देशापासून सुरुवात कर.

१९८९ साली बेनिनची तिजोरी रिकामी झाली. बँका बुडाल्या, शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकले. मथ्यू केरेकू हे लष्करी शासक १९७२ पासून राज्य करत होते. त्यांनी फेब्रुवारी १९९० मध्ये कोटोनू शहरातल्या एका हॉटेलात राष्ट्रीय परिषद बोलावली. सुमारे पाचशे माणसं. त्यात शिक्षक, शेतकरी, कामगार संघटना, धर्मगुरू, परदेशातून परतलेले विरोधक आणि माजी राष्ट्राध्यक्षसुद्धा. अध्यक्षपदी इसिदोर द सूझा हे बिशप. केरेकूंना वाटलं, लोक बोलतील, वाफ जाईल, आपण राहू. पण परिषदेने मतदान घेऊन स्वतःलाच सार्वभौम जाहीर केलं. म्हणजे इथे जे ठरेल ते सल्ला म्हणून राहणार नाही, ते सरकारवर बंधनकारक. चर्चा रेडिओवरून देशभर ऐकू जात होती. बराकींतले सैनिकही ऐकत होते. दहाव्या दिवशी केरेकूंनी ते मान्य केलं. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले, १९९६ ला मतांनी परत आले आणि २००६ ला मुदत संपल्यावर घरी गेले.

हे पाहून शेजारीपाजारी परिषदांची लाट आली. काँगो (ब्राझाव्हिल), नायजर, टोगो आणि झाईर, म्हणजे आताचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. टोगोत सैनिकांनी पंतप्रधानांच्या निवासस्थानावरच हल्ला केला आणि तिथले लष्करी शासक आयाडेमा २००५ मध्ये मरेपर्यंत राहिले, त्यांच्यामागून मुलगा बसला. झाईरमध्ये हुकूमशहा मोबुटूंनी परिषद वर्षाहून अधिक लांबवली, फोडली, थकवली. शब्द तोच, हॉटेलातली टेबलंही तशीच. मग फरक कुठे पडला? माझं मत सांगते. बेनिनच्या शासकाकडे सैनिकांचे पगार द्यायलाही पैसे उरले नव्हते, आणि परिषदेने निर्णयाचा अधिकार पहिल्या आठवड्यातच स्वतःकडे घेतला. मोबुटूंकडे स्वतःची निष्ठावंत फौज होती. संवाद मोजायचा तर तीन गोष्टी पाहा : बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं का, ते लेखी राहिलं का आणि बोलणारा संध्याकाळी घरी सुखरूप पोचला का.

आता लष्कर. सैनिकांचं स्वागत झालं हे खरं आहे आणि ते डोळ्यांआड करू नये. गिनीत अल्फा काँडे लोकांच्या मतांवर आले, मग २०२० मध्ये राज्यघटना बदलून तिसऱ्यांदा उभे राहिले. पुढच्या वर्षी त्यांना सैनिकांनी उचललं तेव्हा त्यांच्यासाठी रडायला फार कुणी आलं नाही. मालीत आणि बुर्किना फासोत गावंच्या गावं अतिरेक्यांच्या हल्ल्यांत उजाड होत होती आणि निवडून आलेलं सरकार वाचवू शकत नव्हतं. लोक चिडले ते आपल्याला मिळालेल्या कारभारावर. अफ्रोबॅरोमीटर ही संस्था १९९९ पासून तिथे घरोघर जाऊन विचारते आहे. अलीकडच्या फेरीतही तीनापैकी दोन माणसं लोकशाहीच हवी म्हणतात. आणि सैनिक आल्यावर ते गावं वाचवू शकले का, हेही तू शोध. बुर्किना फासोची गेल्या काही वर्षांची बातमी वाच, मग सरांशी पुन्हा बोल.

बेनिनचं आजचं चित्रही लपवत नाही. २०१९ ची संसदेची निवडणूक तिथे एकाही विरोधी पक्षाविना झाली. जिथून सुरुवात झाली तिथेच हे झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : माझा मुलगा तीन वर्षं नैरोबीत नोकरीला आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिथे संसदेत लोक घुसले, गोळीबार झाला, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. परवा पुन्हा मोर्च्याची बातमी आली. त्याला परत बोलवू का? (एक आई, नेरुळ)

उत्तर : ताई, मोर्च्याच्या दिवशी त्याने शहराच्या मध्यभागी जाऊ नये, घरून काम करावं, घरात दोन दिवसांचं सामान ठेवावं, आपल्या दूतावासाकडे नाव नोंदवून ठेवावं. एवढं तो करत असेलच. परत बोलवायची घाई मात्र करू नका.

तुमच्या मनाला थोडा आधार मिळावा म्हणून सांगते. केनियातली २००७ च्या डिसेंबरातली निवडणूक आठवा. निकाल संशयास्पद, अंधार पडता पडता घाईने शपथविधी, आणि त्यानंतर जमातीजमातींत कापाकापी. अकराशेहून अधिक माणसं गेली, सहा लाखांच्या आसपास लोक घर सोडून पळाले. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान सहा आठवडे दोन्ही बाजूंना घेऊन बसले तेव्हा ते थांबलं. त्या जखमेतून २०१० ची नवी राज्यघटना आली. कायदा करताना लोकांना सहभागी करून घेतलंच पाहिजे, असं तिच्यात लिहिलेलं आहे. २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांची निवडणूक रद्द केली. २०२२ ला ४६ हजारांहून अधिक मतदान केंद्रांचे तक्ते निवडणूक आयोगाने सगळ्यांना दिसतील असे इंटरनेटवर टाकले. कुणीही बसून बेरीज करावी. अशी उघड मोजणी असली की अफवेला जागा कमी उरते.

२०२४ चे मोर्चे करवाढीच्या विधेयकावर होते. वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी ते विधेयक वाचलं, घरातल्या म्हाताऱ्यांना समजावं म्हणून आपापल्या भाषांत आणलं, आणि जमात न विचारता एकत्र आली. २००७ ला जे एकमेकांवर कोयते उगारत होते त्यांचीच ही मुलं. पोलिसांच्या गोळ्यांनी त्या आठवड्यांत पन्नासहून जास्त जीव गेले. ते अक्षम्य आहे. विधेयक राष्ट्राध्यक्षांना मागे घ्यावं लागलं.

तुमचा मुलगा परका नागरिक आहे, त्याने मोर्च्यात जाऊ नये. पण ऑफिसातला सहकारी त्याबद्दल बोलू लागला तर विषय बदलू नको, ऐकून घे, असं त्याला सांगा. आम्ही लिंब्यातले भारतीय हेच करत नसू. बांडांनी सत्तरच्या दशकात आपल्या व्यापाऱ्यांना खेड्यांतून उठवून मोठ्या शहरांत आणून ठेवलं होतं. तेव्हापासून आपली माणसं धसका घेऊन जगत. शेजारी रडत असला तरी आम्ही साखरेच्या भावाबद्दल बोलायचो. मला ते आजही बोचतं.

प्रश्न : चार निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं. आफ्रिकेच्या या प्रवासात भारताचा काही हात आहे का? (निवृत्त शिक्षक, ऐरोली)

उत्तर : आहे, आणि जुना आहे. आपले पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडली आणि लगेच, १९५३ मध्ये, सुदानची निवडणूक त्यांच्या देखरेखीखाली झाली. १९८९ ला नामिबियात स्वातंत्र्यापूर्वीची निवडणूक संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यात झाली, त्या फौजेचे प्रमुख आपले लेफ्टनंट जनरल प्रेम चंद होते. तुम्ही मतदाराच्या बोटाला लावत होता ती शाई म्हैसूरच्या कारखान्यातून आफ्रिकेतल्या अनेक देशांत जाते.

२०१४ मध्ये नामिबियाने आपल्याकडची मतदान यंत्रं वापरली, आफ्रिकेत तसं करणारा तो पहिला देश. पण छापील पावतीविना ती वापरणं राज्यघटनेला धरून नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. तुम्ही केंद्रावर बसलेले आहात, मतदाराला स्वतःच्या डोळ्यांनी खूण दिसणं किती महत्त्वाचं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : स्पष्ट लिहितो. हुकूमशाहीत निदान शिस्त असते, कामं होतात. गरीब देशांना चर्चा परवडत नाही. लोकांनाच एक खंबीर माणूस हवा असेल तर तुम्ही कोण नको म्हणणाऱ्या? (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : लोकांनाच हवा असेल तर काय, हा प्रश्न टांझानियाने प्रत्यक्षात सोडवला. १९९१ मध्ये न्यायमूर्ती न्यालाली यांच्या आयोगाने देशभर फिरून लोकांना विचारलं, एक पक्ष की अनेक. पाचातल्या जवळपास चौघांनी एकच पक्ष राहू द्या म्हटलं. तरीही आयोगाने अनेक पक्षांची शिफारस केली. पाचव्या माणसाला बोलायला जागा हवी, आणि चौघांनाही पक्षाच्या कारभारात बरेच बदल हवे होते, हे त्यांनी ऐकलं होतं. १९९२ ला कायदा बदलला. नुसता कायदा पुरत नाही हेही तिथेच दिसलं. २०२५ ची निवडणूक मुख्य विरोधी नेते तुरुंगात असताना झाली.

शिस्तीबद्दल सांगते. ब्लँटायरचे रस्ते स्वच्छ होते. रात्री बाई एकटी चालू शकायची. मीही सुरुवातीला घरी पत्रांत असंच कौतुक लिहिलं होतं. मग एका संध्याकाळी बांबोंनी खिडकी लावली आणि १९८३ च्या मे महिन्यातली गोष्ट सांगितली. म्वांझा जिल्ह्यात तीन मंत्री आणि एक खासदार मोटार अपघातात गेले, असं रेडिओने सांगितलं होतं. त्यांतला एक मंत्री बांबोंच्या गावाकडचा. शवपेट्या उघडू दिल्या नाहीत, म्हणाले. इतकं बोलून ते कणीक मळायला लागले.

सरकार बदलल्यावर चौकशी आयोग बसला. साक्षी उघडपणे झाल्या. अपघात बनावट होता, चौघांना पोलिसांनी मारलं होतं, असा अहवाल १९९५ च्या सुरुवातीला आला. बांडांवर खटला चालला, त्यात पुढे ते निर्दोष सुटले. अहवालाची बातमी आली त्या सकाळी बांबो वर्तमानपत्र घेऊन आले आणि म्हणाले, मॅडम, मोठ्याने वाचा. मी ओट्याशी उभं राहून वाचलं. माझं झाल्यावर त्यांनी ती चार नावं स्वतः एकेक करून उच्चारली. माटेंजे, गडामा, संगाला, चिवांगा. खिडकी उघडी होती. मी सवयीने लावायला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं.